फोटोत न दिसणारं स्थळ

आमच्या बाईंच्या मीटिंगला जायचं तर नखं थोडी वाढलेली बरी असायची. थंडी पडली की दिल्लीत मटार येतात, आणि मटार आले की बाई आमची दर आठवड्याची मीटिंग खोलीतून उठवून संस्थेच्या हिरवळीवर, उन्हात न्यायच्या. मधोमध वर्तमानपत्रावर शेंगांचा ढीग, भोवती आम्ही पीएचडीचे तिघे विद्यार्थी. ज्याची पाळी असेल त्याच्या मांडीवर लॅपटॉप, बाकीच्यांनी मटार सोलायचे.

"हात बिझी असले की माणूस दुसऱ्याचं ऐकतो," असं बाईंचं म्हणणं.

सोललेले मटार स्टीलच्या डब्यातून बाईंबरोबर नोएडाला जात. पहिल्या वर्षी मला वाटलं, ही बाई आमच्याकडून घरकाम उरकून घेते आहे. दुसऱ्या दिवशी त्याच डब्यातून मटारची उसळ आली, आणि माझं मत बदललं. मुनिरक्यातल्या माझ्या भाड्याच्या खोलीत दिवसासुद्धा दिवा लावावा लागे. समोरच्या इमारतीच्या बाल्कनीतून हात लांब केला तर माझ्या खिडकीतला टूथब्रश उचलता आला असता. त्यामुळे ती उन्हातली मीटिंग आणि ती उसळ, दोन्हींची मी वाट बघत असे.

दिल्लीत शिकवणाऱ्या बाईला सगळे मॅम म्हणतात. मी जळगावची आहे हे कळल्यावर बाईंनी पहिल्याच दिवशी मला बजावलं, "तू मला बाई म्हण. आई सांगायची, आपल्याकडे शाळेत बाई म्हणतात. मला आजवर कुणी म्हटलंच नाही, यार."

हे 'यार' त्या साठीला टेकलेल्या, कडक इस्त्रीची सुती साडी नेसणाऱ्या प्राध्यापक बाईंच्या तोंडून ऐकताना पहिल्यांदा मी दचकले होते. त्यांचं कुटुंब मूळचं नगरकडचं, मराठी ख्रिस्ती. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, त्यामुळे बाईंचा जन्म, शाळा, सगळं दिल्लीच्या सरकारी क्वार्टर्समध्ये. रविवारी चर्च चुकत नसे आणि भाद्रपदात मराठी मंडळाचा गणपतीही चुकत नसे. आरतीत त्यांचा आवाज सगळ्यात मोठा. मधले शब्द त्यांचे त्यांनाच ठाऊक, पण ओळीचा शेवटचा शब्द असा खणखणीत यायचा की शेजारचे लोक आपलंच काही चुकलं का म्हणून गप्प व्हायचे.

दिल्लीत वाढल्यामुळे बाईंचे मराठी शब्द वाटेत कुठेकुठे सांडले होते, आणि ते गोळा करायची त्यांना फार हौस. एकदा मीटिंगला उशिरा आल्या आणि म्हणाल्या, "सॉरी हं, मी फार ओशट झाले."

मी म्हटलं, "बाई, ओशट म्हणजे तेलकट. हात ओशट होतात. माणूस ओशाळतो."

बाई हिरवळीवर बसल्या बसल्या एवढ्या हसल्या की मटारचा डबा कलंडला. "अगं, चाळीस वर्षं मी लोकांना सांगतेय की मी तेलकट झाले! आणि एकानेही सांगितलं नाही!" त्यानंतर काही चुकलं की त्या मुद्दामच 'मी ओशट झाले' म्हणायच्या.

बाईंचं काम होतं फार लांबचे क्वेसार शोधायचं. काही दीर्घिकांच्या पोटात एक राक्षसी कृष्णविवर असतं. त्यात पडू पाहणारा वायू तापून असा झळाळतो की त्यापुढे अख्खी दीर्घिका फिकी पडते. तो झळाळता गाभा म्हणजे क्वेसार. जवळचे पुष्कळ सापडले आहेत. बाईंना हवे होते ते अगदी लांबचे, ज्यांचा उजेड निघाला तेव्हा विश्व तान्हं होतं आणि आपला सूर्य, पृथ्वी वगैरे कशाचाच पत्ता नव्हता.

रेडिओ दुर्बिणींनी आकाश चाळून त्यातल्या ठिपक्यांचे नकाशे केलेले आहेत. साध्या उजेडात बघणाऱ्या दुर्बिणींनीही तेच आकाश वेगवेगळ्या रंगांच्या काचांतून टिपून ठेवलं आहे. आमचं काम म्हणजे हे दोन्ही एकमेकांवर ठेवून बघायचं. एखादा ठिपका रेडिओच्या नकाशात ठळक आहे, पण निळ्या काचेतून काही नाही, हिरव्यातून नाही, लालमधूनही नाही, आणि शेवटच्या गडद तांबड्या काचेतून मात्र बारीकसं काहीतरी आहे, असं झालं की आमची छाती धडधडायची. कारण लांबच्या उजेडाचा निळा भाग वाटेतला हायड्रोजन गिळून टाकतो, आणि उरलेला उजेड ताणला जाऊन तांबडा होतो.

बाईंनी या सगळ्याला लग्नाच्या भाषेत बसवलं होतं. स्वतः त्यांनी लग्न केलं नव्हतं, पण रोज सकाळी पहिला प्रश्न हाच, "काय गं, एखादं नवीन स्थळ?"

"आहे बाई. रेडिओत चांगलं ठळक आहे."

"म्हणजे पत्रिका उत्तम. आता फोटो दाखव. निळ्यात?"

"काही नाही."

"शाब्बास. हिरव्यात?"

"काहीच नाही."

"बिल्कुल काही नाही ना? वा! फोटोत जे दिसत नाही तेच आपलं स्थळ."

माझ्याबरोबरचा पाटण्याचा मुलगा आणि केरळची मुलगी यांना हा शब्द इतका सवयीचा झाला की तो शास्त्रीय शब्दच आहे असं त्यांना वाटू लागलं. पाटण्याच्या मुलाने एका परिषदेत भर सभेत, बाकी इंग्रजी पण 'स्थळ' तेवढं मराठीच ठेवून, सांगितलं, "आमच्याकडे सध्या पुष्कळ चांगली स्थळं आहेत." मागच्या रांगेत एक मराठी गृहस्थ बसले होते. ते भाषण संपल्यावर त्याला भेटायला आले. त्यांची पुतणी लग्नाची होती.

आता बाईंच्या शिकवण्याच्या पद्धतीबद्दल सांगायला हवं, कारण ती आमच्या संस्थेत गाजलेली होती. कॉम्प्युटर हजारो ठिपक्यांतून निवड करून द्यायचा, पण प्रत्येक निवडलेला ठिपका माणसाच्या डोळ्यांखालून गेला पाहिजे असा बाईंचा हट्ट. आणि ते डोळे नेहमी आमचे. बाई पडद्याकडे बघायच्याच नाहीत. खुर्ची खिडकीकडे वळवून, हाताची घडी घालून बसायच्या आणि म्हणायच्या, "तू सांग."

"ठिपका आहे."

"कसा?"

"गोल."

"अगदी गोल?"

"नाही, डावीकडून थोडा दाबल्यासारखा. अख्खा मूग असतो तसा."

"अच्छा. कडा?"

"एका बाजूला स्वच्छ, दुसऱ्या बाजूला पुसट."

"हं. मग तो क्वेसार नाही. दीर्घिका असेल. पुढे."

आम्ही 'क्वेसार वाटतोय' असं म्हणायचं नाही, फक्त दिसतं ते सांगायचं. सुरुवातीला मला शब्द सापडत नसत. वर्षभरात मी मूग, मसूर, खसखस, साबुदाणा असा सगळा किराणा वापरायला शिकले. हिंदीत सांगणाऱ्यांनी आपापल्या स्वयंपाकघरातून शब्द आणले. बाई नुसत्या ऐकून जे सांगायच्या ते बहुतेक वेळा बरोबर निघायचं. संस्थेतले दोन तरुण प्राध्यापक ही पद्धत आपापल्या वर्गात वापरू लागले होते. त्यातल्या एकाने खिडकीकडे वळवायला फिरती खुर्चीसुद्धा मागवली.

बाईंच्या इतरही काही तऱ्हा होत्या. त्यांच्या कॉम्प्युटरवर अक्षरं इतकी मोठी की पडद्यावर जेमतेम एक वाक्य मावे. आम्हाला त्या पावलांवरून ओळखत. चहा ओतताना कपाच्या काठावर बोट धरायच्या. स्मार्टफोन बाळगायच्या नाहीत. बटणांचा जुना फोन, तोही वेळ सांगणारा. आम्ही या सगळ्याला 'बाईंचं आपलं असं' म्हणून सोडून देत होतो.

माझं पहिलं लाडकं स्थळ फसलं त्याची गोष्ट. ठिपका सापडला की खात्री करायला एकच उपाय असतो. मोठ्या दुर्बिणीने त्याचा उजेड फोडून आलेख काढायचा, म्हणजे त्याचा वर्णपट. अंतर त्यातूनच कळतं. माझ्या लाडक्या ठिपक्याचा वर्णपट आला, आणि तो निघाला जवळची, धुळीने झाकलेली एक साधी दीर्घिका. धुळीमुळे तांबडी दिसत होती, एवढंच. मी मुनिरक्याच्या खोलीत जाऊन रडले. दुसऱ्या दिवशी बाई गाजर हलवा घेऊन आल्या.

"बाई, अहो, क्वेसार नाही निघाला तो."

"ठाऊक आहे. खा."

"पण हलवा कशाला?"

"अगं, ती दीर्घिका आहेच ना कुणीतरी? बिचारी इथेच जवळपास राहते, धुळीत माखलेली. तिने कधी सांगितलं होतं की मी लांबची आहे? आपणच ठरवलं. खा, गार झाला तर मजा नाही."

पुढच्या वर्षी मला दुसरा ठिपका सापडला. हा खसखशीएवढा, अगदी गोल, शेवटची काच सोडून कुठेच नाही. बाईंनी मला त्याचं वर्णन पुन्हा पुन्हा करायला लावलं. बोलता बोलता त्या गप्प झाल्या, आणि बाई गप्प होणं ही आमच्याकडे मोठी बातमी होती. त्यांच्या निवृत्तीला वर्षच राहिलं होतं, माझ्या शिष्यवृत्तीलाही. आम्ही दुर्बिणीचा वेळ मागितला. वेळ वाटून देणाऱ्या समितीचं उत्तर आलं ते नेमकं मटार सोलताना. नकार होता. असल्या ठिपक्यांत वेळ घालवण्यापेक्षा कॉम्प्युटरने ज्यांना चांगले गुण दिलेत तेच बघावेत, असं त्यांचं म्हणणं.

मी वैतागून म्हटलं, "लावल्या वाटाण्याच्या अक्षता!"

बाईंचा सोलता हात थांबला. "काय म्हणालीस?"

"वाटाण्याच्या अक्षता लावणं म्हणजे साफ नाही म्हणणं, बाई."

बाईंनी मांडीवरच्या ढिगाकडे बघितलं. मग माझ्याकडे. नकार बिकार सगळं विसरून त्यांचा चेहरा उजळला. "वाटाण्याच्या! आणि आपण इथे बसून त्याच सोलतोय!" तशाच उठून त्या संचालकांच्या खोलीत गेल्या आणि त्यांना हिंदीतून म्हणाल्या, "सर, हमें मटर के अक्षत लगाए गए हैं।" संचालक सज्जन माणूस, ते म्हणाले, "बधाई हो मैम। कौन सा त्योहार है?"

शेवटी चिलीमधल्या मोठ्या दुर्बिणीवर काम करणाऱ्या एका जुन्या मित्राला बाईंनी फोन केला. त्याने कबूल केलं, हवा बरी असली आणि त्याचं काम लवकर आटोपलं, तर शेवटचा थोडा वेळ आमच्या ठिपक्याला देईल. आता वाट बघायची.

त्या वाट बघण्याच्या काळातच आम्ही पानिपतला गेलो. संक्रांतीच्या सुमारास काला अंबला, म्हणजे पानिपतच्या तिसऱ्या लढाईच्या स्मारकाला, जायचा बाईंचा नेम होता. लहानपणी वडील नेत, मग त्या स्वतः जात. या वर्षी विद्यार्थ्यांनाही नेलं. भाड्याची पांढरी गाडी, बाईंच्या मांडीवर तिळगुळाचा डबा. स्मारकाशी महाराष्ट्रातून आलेली बरीच मंडळी होती. बाईंनी मला तिथली पाटी वाचायला सांगितली. मी मोठ्याने वाचली. त्या डोळे मिटून ऐकत राहिल्या.

परत निघायच्या वेळी बाई दिसेनात. शोधलं, तर त्या दुसऱ्याच एका पांढऱ्या गाडीत मागच्या सीटवर आरामात बसल्या होत्या. शेजारी कर्नालच्या एक आजी. बाईंनी त्यांना तिळगूळ दिला होता, आजींनी बाईंना शेंगदाण्याची चिक्की दिली होती, आणि दोघींच्या गप्पा चालल्या होत्या. ड्रायव्हरला बाईंनी हुकूमही सोडला होता, "मुनिरका से होके चलना।" तो बिचारा मालकाची वाट बघत स्टिअरिंग धरून बसला होता.

सगळे हसायला लागले. मीही हसत बाईंच्या बाजूच्या काचेशी जाऊन उभी राहिले, काही न बोलता, त्यांची गंमत बघत. बाईंनी माझ्याकडे बघितलं. म्हणजे माझ्या दिशेने बघितलं. आणि परक्या माणसाकडे बघून हसावं तसं सौम्य हसून आजींशी पुन्हा बोलू लागल्या.

ती मोठी अक्षरं, कपाच्या काठावरचं बोट, पावलांची ओळख, खिडकीकडे वळवलेली खुर्ची, सगळं एकदम समोर आलं.

"बाई," मी म्हटलं.

"अगं, तू होय! कुठे होतीस?"

परतीच्या वाटेवर ढाब्यावर थांबलो. बाकीचे हात धुवायला गेले तेव्हा मी सरळ विचारलं, "बाई, तुम्हाला किती दिसतं?"

त्यांनी पराठ्याचा तुकडा मोडला आणि तसाच ठेवला. "माणूस आहे एवढं दिसतं. कोण ते बोलल्यावर कळतं."

"आणि पडद्यावरचे ठिपके?"

"ते कधीचेच नाही दिसत. मोतीबिंदू आहे, दोन्हींत. डॉक्टर म्हणतात, छोटंसं ऑपरेशन."

"मग करत का नाही?"

"भीती वाटते गं." एवढं साधं, लहान मुलीसारखं म्हणाल्या. "डोळ्यात कुणी काही टोचणार हा विचारच सहन होत नाही. आत्ता त्या जागी उभी होते ना, मनात म्हटलं, इथे माणसं कसल्या धीराने उभी राहिली असतील, आणि आपण? मी फार ओशट झाले."

या वेळी मी त्यांची चूक सुधारली नाही, आणि त्यांनाही हसू आलं नाही.

फेब्रुवारीत एके दुपारी चिलीहून आमच्या ठिपक्याचा वर्णपट आला. तिकडे पहाट होते तेव्हा आपल्याकडे दुपार असते. मी आलेख उघडला, बघितला, आणि खुर्चीवरून उठून परत बसले. पाटण्याचा मुलगा ओरडणार तेवढ्यात केरळच्या मुलीने त्याच्या तोंडावर हात ठेवला, कारण व्हरांड्यातून बाईंची चाहूल येत होती. तेवढ्या वेळात आम्ही तिघांनी जे ठरवलं ते जवळजवळ खुणांनीच ठरवलं.

बाई आत आल्या. खुर्ची खिडकीकडे वळवली. "आलं ना? तू सांग."

"नाही सांगणार."

"म्हणजे?"

"तुम्ही बघा, बाई. डोळे करून या आणि बघा."

बाईंनी पाटण्याच्या मुलाकडे तोंड वळवलं. "बेटा, तू बता।" तो म्हणाला, "मैम, मेरा गला बैठा है।" केरळची मुलगी तर खोलीतून नाहीशीच झाली होती. बाई रागाने लाल झाल्या. मला 'मुनिरक्याची माफिया' म्हणाल्या. संध्याकाळी चिलीच्या मित्राला फोन लावला, पण तोवर मी त्याला कळवून ठेवलं होतं. तो म्हणाला, इथे नेटवर्क खराब आहे. पुढचे काही दिवस बाई माझ्याशी फक्त इंग्रजीतून बोलल्या. मला उसळ मिळणं बंद झालं. आणि जे पोटात होतं ते सांगता येत नव्हतं, हे सगळ्यात अवघड. मेसमध्ये जेवताना सुद्धा मला एकटीलाच हसू फुटायचं.

मग एका संध्याकाळी माझ्या टेबलावरचा छापलेला आलेख गायब झाला.

पुढचं सगळं बाईंनीच दुसऱ्या दिवशी सांगितलं. मुनिरक्याहून नोएडाची मेट्रो, बायकांचा डबा. बाईंनी कागद पर्समधून काढून डोळ्यांशी नेला, लांब धरला, तिरका धरला. बारीक, कापरी रेघ. त्यांना तो नुसता धुरकट कागद. शेजारी एक तरुण मुलगी बसली होती, बहिणीच्या लग्नाला निघालेली, दोन्ही हातांवर कोपरापर्यंत ओली मेंदी. ती हात पुढे धरून बसली होती, म्हणून कागद बाईंनी तिच्यासमोर धरला.

"बेटा, ज़रा बताओगी, इसमें क्या दिख रहा है?"

"कुछ टेढ़ी-मेढ़ी लाइन है आंटी।"

"बाएँ से शुरू करो। आराम से।"

मुलगी वाकून बघू लागली. "बाएँ तरफ़ तो कुछ नहीं है। ज़मीन है, सपाट। ऊपर छोटी-छोटी घास जैसी।"

"फिर?"

"फिर एकदम से पहाड़। सीधा ऊपर।"

बाई सांगत होत्या, इथे त्यांनी कागद तिच्या आणखी जवळ नेला. "और पहाड़ के बाद? वापस ज़मीन पर आता है?"

"नहीं आंटी। आधे में रुक जाता है। फिर ऊपर-ऊपर ही चलता है, जैसे छत हो।"

डावीकडे सपाट जमीन, म्हणजे निळा उजेड वाटेत गिळला गेला. मग एकदम पहाड. मग छत, म्हणजे वाचलेला तांबडा उजेड. बाईंना आणखी काही विचारायची गरजच नव्हती. त्यांनी त्या मुलीला डब्यातच मिठी मारली. मुलगी ओरडली, "आंटी, मेहंदी!" पण उशीर झाला होता. तीच साडी बाई दुसऱ्या दिवशी नेसून आल्या होत्या. पाठीवर दोन तळव्यांचे अर्धवट ठसे.

"सपाट, मग पहाड, मग छत!" दारातूनच त्या गरजल्या. "बोला, आहे की नाही?"

"आहे," मी म्हटलं. अखेर म्हणता आलं. "आहे, बाई! फार लांबचा आहे." आणि मग आम्ही चौघेही काय काय बोललो ते आता आठवत नाही. संचालक आले, चहा आला, कुणीतरी जिलब्या आणल्या. आमचा डाव फसला होता, पण त्याचं कुणाला वाईट वाटत नव्हतं.

गर्दी ओसरल्यावर बाई खुर्चीत बसल्या. खुर्ची खिडकीकडे वळवली नाही.

"ती मुलगी उतरताना एक म्हणाली," त्या म्हणाल्या. "मी तिला सगळं सांगितलं होतं, हे काय आहे, किती वर्षं शोधतोय. तर म्हणते, 'आंटी, मेहनत आपकी और देखा मैंने? ये तो ठीक नहीं है।'"

मी जिलब्यांची रिकामी ताटली बाजूला ठेवली.

"रात्रभर तेच डोक्यात. सकाळी डॉक्टरला फोन केला. तू येशील ना बरोबर?"

मी गेले. आत नेईपर्यंत बाईंनी माझं मनगट असं धरलं होतं की वळ उठले. नर्सला त्यांनी तीन वेगवेगळ्या भाषांत विचारलं की सुई आहे का. तिने डोळ्यात थेंब घातले आणि म्हणाली, बस, हेच. थोड्या वेळाने बाहेर आल्या त्या भांबावलेल्या. "झालं? अगं, मी तर अजून घाबरायचीच होते." दुसऱ्या डोळ्याच्या वेळी त्या आत जाताना डॉक्टरांना ऑपरेशनच्या यंत्राबद्दल प्रश्न विचारत होत्या.

मार्चच्या मध्यावर बाई काळा चष्मा लावून संस्थेत आल्या. आधी त्यांनी भिंतीवर हात फिरवला. "ही पांढरी आहे? मी पिवळट समजत होते." पाटण्याच्या मुलाला म्हणाल्या, तू एवढा देखणा आहेस हे कुणी मला सांगितलं का नाही? माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अरे देवा, तुझे केस पिकायला लागलेत. हे माझ्यामुळे." खिडकीबाहेर होळीनंतरचं स्वच्छ आभाळ होतं. त्याच्याकडे बघत म्हणाल्या, "निळा एवढा निळा असतो, हे मी पार विसरून गेले होते."

मग पडद्यासमोर बसल्या. मी शेवटच्या काचेतलं चित्र उघडलं. करडी पार्श्वभूमी, मधोमध तो ठिपका. मी माउस त्यांच्या हाताशी सरकवला.

"हा?"

"हो."

"एवढाच?"

"एवढाच, बाई."

त्यांनी चष्मा काढला. पडद्याच्या अगदी जवळ गेल्या. इतकी वर्षं ज्याची माहिती इतरांच्या तोंडून घेतली त्या जातीतला हा एक, त्यांचा स्वतःचा, त्या पहिल्यांदा बघत होत्या. डोळ्यांतून पाणी येत होतं. ते ऑपरेशनमुळे की कशामुळे, हे आम्ही विचारलं नाही. केरळच्या मुलीने माझा हात धरला.

"छान आहे," बाई हळूच म्हणाल्या. मग त्यांचं बोट पडद्यावर सरकलं, ठिपक्यापासून खाली, उजवीकडे. "आणि हा शेजारी कोण?"

"कुठला शेजारी?"

"हा काय. खूप फिका आहे. लांबट, तांदळाच्या कणीसारखा."

आम्ही तिघेही पुढे वाकलो. या चित्राचं वर्णन मी इतक्यांदा केलं होतं की मला ते डोळे मिटूनही दिसायचं. ठिपका गोल, कडा स्वच्छ, खसखशीएवढा. नजर नेहमी मधल्या ठिपक्यावर. बाजूला काय आहे ते बाईंनी कधी विचारलं नव्हतं, आणि मी कधी सांगितलं नव्हतं.

तांदळाची कणी तिथे होती.

"अगं, बघत काय बसलीस?" बाई म्हणाल्या आणि स्वतःची खुर्ची सरकवून त्यांनी मला जागा करून दिली. "रेडिओचा नकाशा उघड."